मला कोण बसवील?

कुणी पोक काढून बसलं, की मोठी माय मागून गुपचूप यायची आणि बोटाचं पेर त्याच्या पाठीच्या कण्यावर टेकवायची. माणूस दचकून ताठ व्हायचा. "आत्तापासून सवय असू द्या. मंग मला लई जड जातं," असं म्हणून ती खदखदा हसायची. परगावचा पाहुणा असेल तर त्याला यातलं काही कळत नसे. आम्हाला कळायचं, आणि आम्ही आपोआप ताठ बसायचो.

मोठी माय म्हणजे माझ्या वडिलांची आई, गौराबाई. वडवणीच्या जवळ एका लहान गावात आमचं किराण्याचं दुकान होतं. राज्य निजामाचं होतं. आम्ही लिंगायत. आमच्यात मेलेल्या माणसाला जाळत नाहीत. मांडी घालून बसवतात, गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर ठेवतात आणि तसंच बसलेलं मातीत ठेवतात. हे बसवणं अंग ऊन आहे तोवरच करावं लागतं. एकदा का अंग ताठलं, की मांडी मोडत नाही. गावात हे काम मोठी माय करायची. सासूकडून शिकली होती. बाई असो की पुरुष, घरात रडारड सुरू झाली की पहिला सांगावा आमच्याकडे यायचा, आणि ती हातातलं पीठ तसंच झटकून निघायची.

तिची पद्धत मी दारातून पाहिलेली आहे. कमरेमागे घोंगडीची घडी लावायची, पाठ भिंतीला टेकवायची, मान पडू नये म्हणून कपाळावरून कापडाची पट्टी घेऊन मागच्या खुंटीला बांधायची. हे सगळं करताना ती मेलेल्या माणसाशी बोलत असे. आमच्या शेजारचे वीरप्पा अण्णा जन्मभराचे कंजूष. ते गेले तेव्हा त्यांची डावी मूठ काही केल्या उघडेना. ती म्हणाली, "अण्णा, आता तरी सोडा की मूठ! घ्यायला न्हाई आले, द्यायला आलेय." रडणाऱ्या बाया पदराआड हसल्या. मूठही उघडली. मी एकदा विचारलं, "माय, मेल्याला बसवायचं कावून?" तिनं माझी वेणी ओढली. "पाव्हण्याला कुणी आडवं धाडतं का गं? देवाच्या दारी बसून जावं."

अशी ही बाई. कपिलधारच्या यात्रेला बैलगाडीत बसली की सगळ्या गाड्या तिच्या गप्पांसाठी चाकाला चाक लावून चालायच्या. घरी एकच गोष्ट तिला बोचायची. माझे वडील, तिचा एकुलता एक मल्लिकार्जुन, मढ्याला हात लावायला भीत. लहानपणी बापाला बसवताना त्यांनी पाहिलं होतं. तेव्हापासून त्यांच्या मनानं धसका घेतला होता. कुणाकडे मयत झाली की ते दुकानातच राहत. जेवता जेवता मोठी माय मध्येच म्हणायची, "मल्लू, गावाला मी बसवते. मला कोण बसवील रे?" वडील मान खाली घालून भाकरी कुस्करत राहत. मग तीच विषय बदलायची. पण मी तिच्याजवळ झोपायची. दिवा मालवल्यावर तिचा उसासा मला ऐकू यायचा.

त्या वर्षी दुकानात उंदीर मरून पडायला लागले. पाठोपाठ माणसांना गाठी आल्या. तहसिलीतून घोड्यावर जमादार आला आणि गाव खाली करायचा हुकूम झाला. आम्ही माळावर कडब्याच्या झोपड्या घालून राहिलो. तिथंही माणसं जातच राहिली. सख्खा भाऊ भावाजवळ जाईना. मोठी माय मात्र घोंगडीची घडी काखेला मारून या झोपडीतून त्या झोपडीत जायची. आई पाया पडली, वडील रागावले. ती म्हणाली, "आमी आडवं धाडलं न्हाई अजून कुणाला. आताच काय झालं?"

जमादारानं तिला एका झोपडीच्या तोंडाशी अडवलं. हात लावायचा नाही, तसंच पुरा, असा त्याचा हुकूम. तिनं आपल्या मोडक्यातोडक्या बोलीत त्याला विचारलं, "साब, तुमारे में मुर्दे को नहलाके गुसल देते ना? डर के मारे छोडते क्या? वैसाच ये हमारा." जमादार घोडा वळवून म्हणाला, "अम्मा, मैं उधर देखता. तुम जल्दी करो." त्यानं खरंच पाठ फिरवली. मोठी माय आत गेली.

ज्याची आम्हाला धास्ती होती ते झालंच. एका सकाळी ती उठली आणि काही न बोलता आपलं अंथरूण घेऊन बाभळीपलीकडच्या रिकाम्या झोपडीत गेली. काखेत गाठ आली होती. मी मागं धावले तर खडा उचलून माझ्यावर उगारला. तिनं माझ्यावर उगारलेला तो पहिला आणि शेवटचा हात. मी तिथंच बसून रडले.

वडील पाण्याचा तांब्या आणि पेज बाभळीखाली ठेवून मागं सरत. ती रांगत येऊन घेऊन जाई. दुसऱ्या दिवशी तिला रांगवेना. वडील तांब्या घेऊन पुढं निघाले तशी ती आतून ओरडली, "मल्लू, जवळ येऊ नगंस! तुला पोरी हायेत."

"आई, पाणी तरी घे."

"ठेव तिथंच. आन् एक ऐक. मला कोण बसवील, ह्याचा घोर करू नगं. मी बसूनच हाय."

वडिलांना वाटलं, तापात बोलतेय. ते परत आले. संध्याकाळी पेटीतून त्यांनी घोंगडी काढली, तिची घडी घातली, धोतराची एक पट्टी फाडली. घडी त्यांनी पुन्हा पुन्हा उलगडून नीट घातली. कशासाठी, ते आम्हा सगळ्यांना कळलं होतं.

सकाळी त्यांनी बाभळीखालून हाक मारली. उत्तर आलं नाही. ते थांबले नाहीत. घोंगडी काखेत धरून सरळ आत गेले.

मोठी माय बसलेली होती. मांडी घातलेली, पाठ झोपडीच्या मेढीच्या खांबाला टेकलेली, कमरेमागे अंथरुणाची घडी. पदराची किनार फाडून कपाळावरून मेढीला बांधलेली. कपाळावर विभूती, डाव्या हातात लिंग, बोटं मिटलेली. गावातल्या कुणालाही तिनं इतकं सरळ बसवलं नसेल. गाठीचा ताप अंगात असताना ती कधीपासून तशी बसून होती, देवाला ठाऊक.

वडील बाहेर आले. घोंगडी तशीच काखेत, घडीसुद्धा मोडलेली नाही. ते माळावर मटकन बसले आणि म्हणाले, "माझ्यासाठी काहीच ठेवलं न्हाई तिनं."

थंडी सरता सरता आम्ही गावात परतलो. पुढं गावात कुणी गेलं की वडील दुकान उघडं टाकून निघत. ती घोंगडी कायम खुंटीला असे. बसवून झालं की शेवटी मेलेल्याच्या कण्यावर बोटाचं पेर टेकवत. बोलत मात्र काही नसत; ती कला तिच्याबरोबर गेली. लग्न होऊन मी परळीला गेले. एकदा माहेरी आले असताना ते असेच कुणाला तरी बसवून परतले. हातपाय धुऊन ओसरीवर टेकले. मी धीर करून विचारलं, "अप्पा, तुमाला तर लई भ्या वाटायचं. आता कसं काय जमतं?"

त्यांनी ओले हात पुढं धरून पाहिले.

"त्या दिवशी तयार झालते गं हे हात," ते म्हणाले. "आईनं काम ठेवलं न्हाई. मंग ह्या हातांचं काय करू?"