व्हॉल्व्ह हातात आणि गाणं चालू

डोंबिवलीत राहणाऱ्या एका निवृत्त इंजिनिअरांनी मला फसवलं. जुन्या रेडिओत असायचा तसल्या काचेच्या व्हॉल्व्हचा बफर म्हणून त्यांनी मला जे किट विकलं, त्यात व्हॉल्व्हला काहीच काम नव्हतं. हे मी ऐकीव लिहीत नाही. किट मी स्वतः जोडलं आणि त्यातली लबाडीही माझ्याच हातात आली.

माझा धंदा विजेच्या जुन्या मोटारींचा आहे. कारखाने बंद होतात, जागा बदलतात, तेव्हा तिथल्या मोटारी, पंप, कॉम्प्रेसर मी उचलतो, नीट करतो आणि विकतो. सुरुवात शहाडला एका वाइंडिंगच्या दुकानात झाडू मारण्यापासून केली. शाळा दहावीच्या अलीकडेच सुटली. पण मोटार चालू करायची, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या कव्हरवर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि आत काय बिघडलंय ते ओळखायचं, हे मला येतं. त्या ऐकण्यावर मी भाव बोलतो. ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये मी मूठ कानाला लावली की समोरची पार्टी बोलायची थांबते. कोपरीतलं माझं घर या कानावर उभं आहे. त्यामुळे नुसती हौस फसली असं मला म्हणता येत नाही.

हौस होती हे खरं. वाइंडिंगच्या दुकानात मालकाचा एक व्हॉल्व्हचा रेडिओ होता. बटण फिरवल्यावर तो लगेच बोलायचा नाही. काचेच्या नळ्या तापायच्या, मग आवाज हळूहळू भरून यायचा. तसा आवाज परत घरात यावा असं मला फार वर्षं वाटत होतं. कोणीतरी सांगितलं की आता त्यासाठी अख्खा रेडिओ लागत नाही. मोबाइल आणि अॅम्प्लिफायर यांच्यामध्ये एक छोटी पेटी लावायची, तिला बफर म्हणतात. ती आवाज मोठा करत नाही, फक्त व्हॉल्व्हमधून फिरवून पुढे सोडते, आणि त्यात आवाजाची धार जाते. डोंबिवलीचे हे गृहस्थ त्याची किट विकतात, आपण घरी बसून सोल्डरिंग करायचं.

मी त्यांच्या घरी गेलो. स्वच्छ घर, स्वच्छ माणूस, बोलणंही स्वच्छ. त्यांनी टेबलावर एक तयार बफर ठेवला होता. त्याला मुठीएवढा ट्रान्सफॉर्मर होता. मी उचलून बघितला. वजनदार होता. मला वजनदार वस्तू आवडते. त्यांनी किंमत सांगितली. मी हसलो. मग आमचं सुरू झालं.

‘‘अहो, यात माझी मेहनत आहे,’’ ते म्हणाले.

‘‘मेहनत तर मी करणार आहे काका. जोडायचं मलाच आहे ना?’’

‘‘तुम्ही फारच खाली आणताय.’’

‘‘मग राहू दे. चहा मस्त झालाय, काकूंना सांगा.’’ असं म्हणून मी उठलो.

दोनदा उठलो. दुसऱ्या वेळी चपला घालून लिफ्टचं बटणही दाबलं. तेव्हा ते दारात आले. ‘‘थांबा हो. तुमच्या भावात घ्या.’’ आत गेले आणि एक बंद पाकीट घेऊन आले. लिफ्ट आली होती, ती मी सोडून दिली. उतरताना मी खूश होतो.

पाकीट घरी उघडलं तर ट्रान्सफॉर्मर नव्हता. लॅपटॉपला असतो तसला अडॅप्टर होता. मी फोन केला. ‘‘ही सुधारित रचना आहे,’’ ते म्हणाले. ‘‘मोठा व्होल्टेज नाही, शॉकची भीती नाही.’’ व्हॉल्व्हच्या शेजारी आठ पायांची एक चिप बसवायची होती. ती कशाला, म्हणून विचारलं. ‘‘सपोर्टला,’’ ते म्हणाले. इथे मी थांबायला हवं होतं. पण माझी बायको शॉक नाही म्हटल्यावर निर्धास्त झाली होती आणि माझ्या हातात सोल्डरिंग आयर्न तापलेलं होतं.

जोडायला मला फार मजा आली, हे लपवत नाही. मोटारीच्या जाड तारांची सवय असलेल्या बोटांनी मी तांदळाच्या दाण्याएवढे तुकडे बसवले. बायकोने तिची भाजी चिरायची खुर्ची मला दिली, कारण माझी खुर्ची हलत होती. चालू केलं तेव्हा व्हॉल्व्हच्या बुडातून नारिंगी उजेड वर चढला. आम्ही दोघांनी हॉलचा दिवा घालवून तो बघितला.

जोडून झालं, हे मी इंजिनिअरांना मोठ्या अभिमानाने कळवलं. ते स्वतः ऐकायला आले. बायकोने थालीपीठ केलं, त्यांनी मागून खाल्लं. मग तंबोऱ्यावरचं एक जुनं गाणं लावलं. किटच्या बोर्डावर एक खटका होता. एका बाजूला केला की आवाज सरळ जाणार, दुसऱ्या बाजूला केला की व्हॉल्व्हमधून. खटका त्यांच्या हातात होता.

‘‘हे साधं,’’ ते म्हणाले. ‘‘आणि हा व्हॉल्व्ह.’’

त्यांनी डोळे मिटले. मान डोलवायला लागले. ‘‘तंबोरा बघा कसा गोल झाला. जाणवतंय ना?’’

मला जाणवलं. मी शपथेवर सांगतो, मला जाणवलं. आवाज जवळ आला, भरला. मी म्हटलं, ‘‘काका, हे तर आमच्या मालकाच्या रेडिओसारखं.’’

‘‘तुमचा कान तयार आहे,’’ ते म्हणाले.

माझ्या कानाचं कौतुक वागळे इस्टेटने केलं आहे, पण शिकल्यासवरल्या माणसाने पहिल्यांदाच केलं. मी त्यांना रिक्षापर्यंत सोडायला गेलो.

पुढे कल्याणला एका जुन्या रेडिओ दुरुस्तीवाल्याकडे मला त्याच नंबरचा, जास्त चांगल्या बनावटीचा व्हॉल्व्ह मिळाला. रविवारी दुपारी तो बदलायला बसलो. बायकोने मघाशी गाणी लावली होती. हॉलमध्ये शांत होतं, मला वाटलं तिने बंद केलं. मी रुमाल घेतला आणि जुना व्हॉल्व्ह उपटला. काच गरम होती. आणि तेवढ्यात गाणं सुरू झालं.

दोन गाण्यांच्या मधली ती शांतता होती. बंद काहीच नव्हतं, खटकाही व्हॉल्व्हच्याच बाजूला होता. व्हॉल्व्ह माझ्या हातात होता आणि गाणं चालू होतं. दोन्ही स्पीकरमधून, नीट, भरून. जिथून व्हॉल्व्ह काढला त्या सॉकेटच्या मधल्या भोकातून नारिंगी उजेड वर येत होता. मी वाकून बघितलं. भोकाखाली बोर्डावर एक एलईडी बसवलेला होता. मीच बसवलेला. इंडिकेटर असेल म्हणून.

मी ओरडलो असणार, कारण बायको स्वयंपाकघरातून धावत आली. ‘‘अहो, करंट लागला का?’’

‘‘हे बघ,’’ मी म्हटलं आणि व्हॉल्व्ह तिच्यापुढे धरला.

तिने व्हॉल्व्हकडे बघितलं, स्पीकरकडे बघितलं. ‘‘हा नसतानाही वाजतंय?’’

‘‘वाजतंय ना.’’

‘‘मग हा कशाला आहे?’’

मी खटका इकडून तिकडे, तिकडून इकडे केला. फरक अजूनही ऐकू येत होता! व्हॉल्व्ह माझ्या मुठीत गार होत होता आणि तंबोरा अजून गोल होता. मला कोणी फसवलं तर मी भांडतो, हात उगारण्यापर्यंत जातो. पण त्या दुपारी राग यायलाही वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी वागळे इस्टेटमध्ये एक मोटार बघायला गेलो होतो. स्क्रूड्रायव्हर टेकवला, मूठ कानाला लावली. बारीक खरखर ऐकू आली. की आली असं वाटलं? मी पुन्हा लावली. पार्टी उभी होती. ‘‘बोला शेठ, काय म्हणते?’’ मी म्हटलं, ‘‘नंतर सांगतो.’’ इतक्या वर्षांत मी भाव न बोलता पहिल्यांदाच एखाद्या शेडमधून बाहेर पडलो.

तिथून सरळ डोंबिवली गाठली. त्यांच्याच टेबलावर बोर्ड ठेवला, व्हॉल्व्ह बाजूला ठेवला आणि गाणं लावलं. मी म्हटलं, ‘‘मिटा डोळे. डोलवा मान.’’

‘‘आवाज चढवू नका,’’ ते म्हणाले. ‘‘तुम्ही भाव कुठे आणला होता, आठवतंय का? त्या भावात ट्रान्सफॉर्मरचं किट मला परवडत नव्हतं. हे परवडत होतं.’’

‘‘मग नाही म्हणायचं! मी लिफ्टपाशी पोचलो होतो, जाऊ द्यायचं! भाव पाडणं हा माझा हक्क आहे, नाही म्हणणं हा तुमचा. गुपचूप माल बदलणं कोणाचाच नाही.’’

आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला. ‘‘मी तेव्हाच म्हटलं होतं यांना, सांगून टाका म्हणून.’’

म्हणजे हे त्या घरात बोलणं झालं होतं. माझ्याकडे थालीपीठ खायला यायच्या आधीच.

मी विचारलं, ‘‘मला फरक ऐकू आला त्याचं काय?’’

तेव्हा ते थोडे खुलले. शिकवायला लागले. ‘‘ऐकू आला तो खोटा नाही. ती चिप आवाज किंचित वाढवते. किंचित वाढलेला आवाज माणसाला मोठा वाटत नाही, गोड वाटतो. सगळ्यांना वाटतो. आणि व्हॉल्व्ह काढून कोणी बघत नाही हो.’’

त्यांनी नुसता माल बदलला नव्हता. माझा कान कुठे चुकणार हे त्यांना आधीच माहीत होतं, आणि ते माहीत असून माझ्या हॉलमध्ये खटका हातात धरून मला विचारत होते, जाणवतंय ना? वर माझ्या कानाला तयार म्हणाले.

त्यांनी पैसे परत देऊ केले. मी घेतले नाहीत. पैसे परत घेतले की व्यवहार मिटतो, आणि माझा मिटलेला नाही.

म्हणून हे त्यांनाच लिहितो. काका, मी भाव पाडला, पण तो भाव वस्तूचा होता. माझ्या कानाचा नव्हता. तुम्ही हात त्याला लावलात. मोटारीतली खरखर खरी की मला वाटलेली, हे आता मला ठरवता येत नाही, आणि ठरवता आलं नाही तर मी धंदा कशावर करू? तुमचं ते ट्रान्सफॉर्मरचं किट घेऊन माझ्या घरी या. पहिल्यांदा सांगितलेली किंमत देतो, एक रुपया कमी करणार नाही. दोन्ही बाजूंचा आवाज मोजून सारखा करा. मी तुमच्याकडे पाठ करून बसेन. खटका तुम्ही फिरवा, तोंडातून शब्द काढू नका, आणि मी काय काय सांगतो ते माझ्या बायकोसमोर तपासा. माझा कान शाबूत आहे की नाही, हे तुम्ही मला दाखवून द्यायचं आहे, कारण तो मोडलात तुम्ही. कधी येताय ते सांगा.