बुजवलेले बुराक

मी माती अडवते. लग्नाकार्यात कुणी विचारलं, तुम्ही काय करता, तर मी हेच सांगते, आणि समोरचा माणूस घाईघाईने जेवणाच्या पंगतीकडे बघायला लागतो. स्थापत्य अभियंता म्हटलं की लोकांना पूल हवा असतो, इमारत हवी असते, निदान देवळाचा सभामंडप तरी. मी बांधते त्या भिंती डोंगराला पाठ लावून उभ्या असतात आणि त्यांच्याकडे बघून आजवर कुणी 'वा' म्हटलेलं नाही. तळेऱ्याहून देवगडकडे उतरणाऱ्या रस्त्याच्या आजूबाजूला, वाड्यावाड्यांतून, माझ्या अशा बऱ्याच भिंती आहेत. पावसाळ्यात मी एकेकीला भेटून येते. नवरा म्हणतो, माहेरच्या माणसांची तू एवढी चौकशी करत नाहीस. अगदीच खोटं नाही ते.

आमच्याकडे वर जांभा असतो, कडक. पण त्याच्या खाली पांढरट-गुलाबी चिकट माती असते. उन्हाळ्यात ती पहारीलाही दाद देत नाही आणि पाणी प्यायली की लोण्याचा गोळा होते. पूर्वी घरं सपाटी बघून बांधायचे. आता जेसीबी दारोदार पोचलाय, त्यामुळे ज्याला हवं तो डोंगर हवा तसा कापतो आणि कापल्यावर मला फोन करतो. कापण्याआधी फोन करणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.

काकीचा डोंगरही असाच कापलेला होता. तिनं कापला नव्हता बिचारीनं. वरच्या अंगाला नवा रस्ता निघाला, त्यासाठी कापला. काकी माझ्या नात्यातली नाही, सगळा गाव तिला काकी म्हणतो म्हणून मीही म्हणते. सत्तरी ओलांडलेली, नवरा कधीच गेलेला, एकुलता मुलगा मुंबईला नोकरीत. एका पावसाळ्यात कापलेली माती घसरली आणि थेट स्वयंपाकघराच्या मागीलदारापर्यंत आली. मुलानं तेव्हाच ठणकावलं, की मागे पक्की भिंत होणार असेल तर आई तिथं राहील, नाहीतर घराला कुलूप लावून मुंबईला.

काकी मुंबईला राहून आली होती. सुनेबद्दल तिची काही तक्रार नव्हती. "बरी आसत गो सगळी," ती मला म्हणाली, "पण थंय हात खंय ठेवूचे ता कळना नाय." मी तिच्या हातांकडे बघितलं. आमसुलं काढून काळे झालेले, नखांत माती. ह्या बाईला घरातून काढणं म्हणजे काय, हे मला त्या क्षणी कळलं आणि तिची भिंत मी नेहमीपेक्षा जास्त मनावर घेतली.

पहिली भांडणं गॅबियनवरून झाली. गॅबियन म्हणजे तारेच्या जाळीचे मोठे पेटारे, त्यांत काळा दगड भरायचा आणि एकावर एक रचायचे. पाणी दगडांमधून आपोआप निघून जातं, डोंगर थोडा हलला तरी पेटारे सांभाळून घेतात. तिच्या जागेला अगदी चपखल. मी मोबाईलवर फोटो दाखवला तर काकीनं तो हातानंच दूर सारला.

"ह्यो पिंजरो माझ्या मागीलदारी नको. दगडांच्या मधी मधी कितकी जागा ऱ्हवता बघ."

"काकी, ती जागा व्हयीच. पाणी खंयसून जातला मगे?"

"पाणी जांव दे गो. पण माका भिंत गुळगुळीत होयी. ताटासारखी."

मला वाटलं, हिला शोभेची पडलीय. गावात एकदा कुणी गुलाबी रंगाची गुळगुळीत भिंत घातली की सगळ्यांना तशीच हवी असते, हे मी जन्मभर बघत आले आहे. मी मनातल्या मनात चरफडले आणि दुसरी पद्धत धरली. मातीचा थर द्यायचा, धुमसून घट्ट करायचा, त्यावर प्लॅस्टिकची जाड जाळी अंथरायची, परत माती, परत जाळी. जाळी मातीला आतून धरून ठेवते. माझे कामगार त्या जाळीला रापण, म्हणजे मासेमारीचं मोठं जाळं, म्हणतात आणि ती पसरताना समुद्रावर असल्यासारखे एकमेकांवर ओरडतात. पुढच्या अंगाला चिऱ्यांची भिंत, सिमेंटात बांधलेली, ताटासारखी नाही तरी परातीसारखी म्हणता येईल इतपत सपाट. भिंतीच्या मागे खडीचा पट्टा, खडी आणि माती यांच्यामध्ये पाणी गाळणारं पांढरं कापड. आणि खडीत जमलेलं पाणी बाहेर यावं म्हणून भिंतीतून आरपार पाइप, ठरावीक अंतरावर ओळीनं.

ते पाइप बघून काकीचा चेहरा पडला. "इतके बुराक कित्याक ठेवलंस?"

आमच्याकडे भोकाला बुराक म्हणतात. मी तिला समजावलं. भिंत माती अडवते, पाणी अडवू शकत नाही. पाणी मागे साठलं तर कितीही चांगली भिंत पोट काढते आणि एक दिवस आडवी होते. तिनं मान डोलावली, चहा केला, वर खोबऱ्याची वडी दिली. मान डोलावली म्हणजे पटलं, असा माझा समज. मागच्या अंगणात पेव्हर ब्लॉक बसवून घेतले, मुलानं व्हिडिओ कॉलवर सगळं फिरून बघितलं, आणि काकी घरात राहणार हे ठरलं. मला फार आनंद झाला होता. कामगारांना भजी खाऊ घातली मी त्या दिवशी.

श्रावणात मी तिच्याकडे गेले ती ठरवून नव्हे, पुढच्या वाडीत काम होतं म्हणून. पाऊस थांबून थांबून पण जबर लागलेला. रस्त्यात ज्या ज्या भिंती दिसल्या त्या सगळ्या गळत होत्या, म्हणजे निरोगी होत्या. मग काकीच्या मागीलदारी गेले. भिंत कोरडी होती. एवढ्या पावसात एका पाइपातून थेंब नाही, कारण पाइपच दिसत नव्हते. सगळी भिंत वरपासून खालपर्यंत एकसारखी. मधोमध पोट आलेलं, आणि पायथ्याचे पेव्हर ब्लॉक जागेवरून उचललेले. बोटानं चाचपत गेले तेव्हा कळलं, प्रत्येक तोंड सिमेंटनं लिंपलेलं आणि वरून रंग मारलेला. काम इतकं नेटकं, की माझ्या गवंड्यानं कधी केलं नसतं.

"काकी!" मी अशी ओरडले की शेजारची कुत्री भुंकायला लागली. "ह्या कोणी केला?"

काकी दारात उभी. "मिया केलंय."

"वरचे पण?"

"मिरी काढूची शिडी आसा मां."

सत्तरीची बाई शिडीवर चढून, चिंध्या कोंबून, उरलेल्या सिमेंटनं माझी भिंत बंद करत होती. मला भयंकर राग आला होता. तो गिळला आणि आधी तिला शेजारच्या घरी नेऊन बसवलं, कारण भिंत आली असती तर स्वयंपाकघरावरच आली असती. मग पुढच्या वाडीतून माझी दोन माणसं बोलावली. भिंतीसमोर कुणी उभं राहायचं नाही, बाजूनं हात घालायचा, असं बजावलं आणि कडेच्या पाइपांपासून फोडायला सुरुवात केली. पहिली चिंधी निघाली, जुन्या लुगड्याचा काठ होता तो, आणि मागोमाग लाल पाणी इतक्या जोरानं आलं की थेट तुळशीपर्यंत पोचलं. दुसरा, तिसरा. सगळं अंगण लाल झालं. आम्ही चिंब भिजलो. मी भिंतीच्या वरून ओळंबा सोडून ठेवला होता आणि सारखी त्याच्याकडे बघत होते. दुपार कलेपर्यंत पाण्याचा जोर ओसरला. पोट गेलं नाही, पण वाढायचं थांबलं. आतल्या जाळीनं माती धरून ठेवली होती. त्या जाळीला मी मनापासून हात जोडले.

मग काकीकडे गेले, आता हिला फैलावर घ्यायचंच असं ठरवून. ती शेजारणीच्या पडवीत गुडघे जवळ घेऊन बसली होती. मी विचारलं, "कित्याक गो काकी? माका इचारूचा तरी."

 ती आजूबाजूला बघून, अगदी हळू आवाजात म्हणाली, "ह्यांका ता गडग्यातसून चावला."

गडगा म्हणजे चिऱ्यांचे तुकडे नुसते रचून घातलेलं कुंपण. आणि 'ता' म्हणजे काय, हे मला सांगावं लागलं नाही. फुरसं, फटींत लपणारा तो छोटा विषारी साप. आमच्याकडे कित्येक घरांत त्याचं नाव घेत नाहीत, नाव घेतलं की ते येतं म्हणतात, आणि ज्या घरातून त्यानं माणूस नेला तिथं तर नाहीच नाही. मग तुकड्यातुकड्यांनी तिनं सांगितलं. तिच्याच सांगण्यावरून नवरा गडग्यावर वाळत घातलेलं फडकं काढायला गेला होता. फटीतून आलं. मुलगा शाळकरी होता, बापाला रिक्षात घालताना तो बाजूलाच होता. त्यानंतर काकीनं सगळा गडगा पाडून टाकला, घरातली भेग अन् भेग लिंपली. आणि एवढ्या वर्षांनी मी येऊन तिच्या मागीलदारी ओळीनं बुराक ठेवून गेले. त्याचा विषयही काढायची भीती, मग आपणहून तिनं मला कारण सांगायचं तरी कसं?

माझा राग कुठल्या कुठे गेला. मी तिच्या शेजारी जमिनीवर बसले आणि तिचा हात धरला. फैलावर घेणं राहूनच गेलं.

तेवढ्यात मुलाचा फोन आला. शेजारणीनं कळवलं होतं. काकीनं फोन स्पीकरवर लावून मधे ठेवला. तो आधी माझ्यावरच घसरला, "मॅडम, तुम्ही पक्की भिंत म्हणाला होतात." मी उत्तर द्यायच्या आत काकी म्हणाली, "तिका बोलू नको. बुराक मिया बुजवलंय."

 मग त्यानं मला सरळ विचारलं, "आई तिथं राहू शकते की नाही? तेवढं सांगा. नसेल तर मी उद्या गाडी घेऊन निघतो."

मी म्हटलं, "पाइप उघडे राहिले तर भिंतीला काही होणार नाही. उघडीप पडली की पोटाचा भाग मी नव्याने बांधून देईन. पण पाइप उघडे राहिले पाहिजेत."

"आई, परत बुजवशीत?"

हो म्हणाली असती तर मुंबई. नाही म्हणणं सोपं होतं, कुणीही म्हटलं असतं. काकीनं पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "खरा सांगू? उघडे बुराक बघून माका झोप येवची नाय. बुजवीन मिया. माका माझो भरवसो नाय."

मी उठले आणि गाडीतून जाळीचा तुकडा आणला. स्टीलची, बारीक विणीची. खडी पाइपातून बाहेर येऊ नये म्हणून काही ठिकाणी आम्ही ती आतून लावतो. इथं ती बाहेरून लावायचं मनात आलं. काकीच्या हातात दिली. तिनं ती उजेडात धरली, करंगळी लावून बघितली, मग शेजारणीच्या देवाजवळची अगरबत्तीची जळकी काडी मागून घेतली आणि ती एकेका भोकात घालायचा प्रयत्न केला. एकदा, दोनदा, कडेनं, मधून. काडी मोडली. आत गेली नाही.

"मगे ताचा पिल्लू पण जावचा नाय," ती स्वतःशीच म्हणाली.

"नाय जावचा, काकी. आणि पाणी जातला."

ती फोनकडे वळली. "ह्या लावल्यान तर मी बुजवूचंय नाय. तुझी शपथ."

 मुलगा बोलला तेव्हा त्याचा आवाज बदललेला होता. "आई, मी हंय बाराव्या मजल्यार ऱ्हवतंय. अजून सकाळी बूट उलटे करून आपटल्याशिवाय पाय घालूक जमणा नाय माका. बायको हसता. तिका अजून कारण सांगूक नाय." मग माझ्यासाठी म्हणाला, "मॅडम, लावा जाळी. सगळ्यांना लावा. ती तिथंच राहू दे."

काकीनं फोन उचलून दोन्ही हातांत धरला. एवढ्या वर्षांत ह्या दोघांनी ती गोष्ट एकमेकांजवळ कधी काढली नसावी.

"नातीचे बूट आपटतंस मां रे?" तिनं विचारलं.

"तिचे आधी," तो म्हणाला.

फोन कुणी ठेवीना. मी पडवीच्या कडेला बसून पाइपाच्या मापानं जाळी कापायला घेतली.