जीपचा आवाज

सकाळी अंगणात मुलगी जीपच्या इंजिनावर वाकली होती आणि मी ओट्यावर पुस्तक नुसतंच उघडून बसले होते. इंजिनातला धूर गोळा करून नळीत सोडणारा बिडाचा मॅनिफोल्ड तडकला होता; तो ती घरीच बदलत होती. गंजलेल्या नटांवर आदल्या दिवशीच डिझेल सोडलं होतं, तरी एक नट हलेना.

"बाबांवर गेलाय," ती पान्यावर जोर देत म्हणाली.

जीप ह्यांची. त्या तड्यामुळे ती फडफडत यायची आणि वळणावर आवाज आला की मी चहाचं आधण ठेवायचे. मागच्या हिवाळ्यात हे गेले.

"आई, आवाज जाईल हं आता. चालेल ना?"

मी पुस्तक मिटलं. माणसाचा चष्मा, स्वेटर कपाटात ठेवता येतात. आवाज कुठे ठेवायचा? तो त्या तड्यातच उरला होता. पण तिथून धूरही येत होता, आणि तिला रोज याच जीपने कामावर जायचं होतं.

"बदल," मी म्हटलं.

दुपारी जीप सुरू झाली, तेव्हा कुंपणावरच्या चिमण्याही उडाल्या नाहीत.

आमच्याकडे निघताना 'जातो' म्हणत नाहीत, 'येतो' म्हणतात. ह्यांचं 'येतो' त्या फडफडाटात बुडून जायचं. मी ते ओठांवरून ओळखायचे. मुलीने फाटकाशी जीप जरा थांबवली.

"आई, एक चक्कर मारून येते गं."

"ये," मी म्हटलं, आणि तिलाही ते ऐकू गेलं.