एक्केचाळीस अंश कोमट

माझ्या वडिलांनी सत्तावीस वर्षांच्या धंद्यात एकाच गिऱ्हाइकाची दाढी अर्धवट सोडली, आणि ते गिऱ्हाईक मी आहे.

साताऱ्याकडच्या एका लहान गावात अण्णांचं सलून आहे. घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्यामुळे युट्रेख्टच्या डच विद्यापीठात माझं पदवीदान ठरलं, तेव्हा अण्णा आयुष्यातल्या पहिल्या विमानात बसून आले. निघण्याआधी फोनवर एकच हुकूम : "मी येईस्तोवर गालाला हात लावायचा न्हाई. डिग्रीची दाढी मी करणार." मी आठ दिवस हात लावला नाही. (आमच्या प्राध्यापक बाईंनी दोनदा विचारलं, तब्येत बरी आहे ना?)

कार्यक्रम अकराला होता. नऊ वाजता अण्णांनी आमच्या विद्यार्थी-घराच्या स्वयंपाकघरात खुर्ची मांडली, माझ्या गळ्याभोवती टॉवेल बांधला, ब्रश, साबण, वस्तरा, तुरटी ओळीने लावली आणि म्हणाले, "कोमट पाणी आण."

आता मी पडलो विज्ञानाचा विद्यार्थी! मी विचारलं, "किती अंश?"

"काय किती?"

"कोमट म्हणजे नक्की किती? मी वाचलंय, जास्त गरम पाण्याने कातडी कोरडी पडते, गार असलं तर केस मऊ होत नाहीत."

"कोमट म्हणजे कोमट! मनगटावर घ्यायचं, कळतं."

मला मनगटावर भरवसा नव्हता. मी फेमकाचा, म्हणजे माझ्या डच घरसोबतिणीचा, मांसात खुपसायचा थर्मामीटर काढला. किटलीत पाणी आयतंच भरलेलं होतं. किटलीवर फेमकाची एक चिठ्ठी होती. (तिच्या चिठ्ठ्या घरभर असतात : भांडी घासा, सायकल आत आणू नका. दोन वर्षांत त्या न वाचण्याची मला सवय झाली आहे.) ती सोडवून मी मागच्या कोऱ्या बाजूवर नोंदी करायला घेतली. पाणी उकळलं, मगात ओतून नळाचं गार पाणी मिसळलं, बरोबर एक्केचाळीसवर आणलं.

अण्णांनी ब्रश बुडवून साबणावर फिरवला. फिरवला, फिरवला... फेस येईना.

"साबण फुटंना रे."

"गरम झालं असेल, अण्णा. बुडबुडे टिकत नाहीत." मी गार पाणी ओतलं. छत्तीस. लिहून ठेवलं.

फेस नाही. उलट ब्रशला पनीरच्या चुऱ्यासारखं काहीतरी चिकटलं.

"आता गार झालं वाटतं," मी म्हणालो आणि किटली ओतली. अठ्ठेचाळीस!

"आरं, पाण्याला वास येतोय कसला तरी."

मला सर्दी होती. पण सर्दी झालेल्या माणसाने मत देऊ नये असा नियम थोडाच आहे? "इथल्या पाण्यात क्लोरीन नसतं, अण्णा. म्हणून तुम्हाला वेगळा वाटतो."

अण्णांनी मान हलवली. शिकलेला मुलगा सांगतोय म्हटल्यावर काय बोलणार? त्यांनी तशीच ओल्या गालावर डावी बाजू उतरवली. एक ओरखडा नाही! पण गाल असा चरचरत होता, की माझ्या डोळ्यांतून पाणी आलं.

"लागतंय?"

"नाही नाही. बरं वाटतंय."

अण्णांनी वस्तरा खाली ठेवला. स्वतःच्या हाताकडे बघत हळूच म्हणाले, "हात गेला माझा, विशाल. आजच्या दिवशी फेस धरला न्हाई. दुकान बंद करावं आता."

मी घाबरलो. "अण्णा, हाताचं काही नाही. इथलं पाणीच जड असतं."

"मग हलकं आण की!"

तेवढ्यात फेमका आत आली. तिने हवेत नाक वर केलं, नंतर मगातला थर्मामीटर पाहिला, मग मला.

"तू किटलीतलं पाणी घेतलंस?"

"हो."

"त्यात व्हिनेगर होतं! आतले पांढरे थर निघावेत म्हणून कालपासून भिजत ठेवलंय. चिठ्ठी लावली होती ना मी!"

चिठ्ठी माझ्या हातात होती. उलटी. तिच्यावर तीन तापमानं सुबक अक्षरात लिहिलेली होती.

अण्णा माझ्याकडे बघत होते. "काय म्हणती?"

गप्प राहावं असं मला क्षणभर वाटलं, खोटं कशाला बोलू? पण ते अजून स्वतःच्या हाताकडेच बघत होते. मग सांगितलं सगळं.

अण्णांनी मगात बोट बुडवून जिभेला लावलं. "म्हणजे हात शाबूत हाय माझा?"

"हो, अण्णा."

"मग ठीक हाय! सत्तावीस वर्षं दाढ्या केल्या, लोणचं पहिल्यांदाच घातलं!" ते इतके हसले, की फेमकाही न कळता हसायला लागली.

आता उजवी बाजू. ब्रश धुतला, किटली दोनदा खंगाळली, पाणी उकळलं. अण्णा मनगट पुढे करून उभे, आणि मी? मी थर्मामीटर घालून म्हणत होतो, "थांबा, त्रेचाळीस आहे, दोनच अंश..."

"विद्यापीठाची बस गेली!" फेमका खिडकीतून ओरडली. पुढची गाठायची तर त्याच पावली निघायला हवं होतं. अण्णांनी माझा टॉवेल ओढून काढला. "डिग्री आधी!"

म्हणून मी व्यासपीठावर गेलो तो डावीकडून लालबुंद आणि गुळगुळीत, उजवीकडून जंगल. आमच्या विद्यापीठात प्रत्येक विद्यार्थ्याबद्दल प्राध्यापक चार शब्द बोलतात. बाई माझ्याबद्दल बोलल्या, टाळ्या झाल्या. मी अण्णांशेजारी येऊन बसलो.

"काय म्हणाल्या रे?"

"म्हणाल्या, हा हात घालण्याआधी प्रत्येक गोष्ट नीट तपासून बघतो."

अण्णांनी माझा चेहरा हनुवटीला धरून एकदा इकडे, एकदा तिकडे वळवला. "बाईंनी कुठल्या बाजूनं बघितलं तुला?"

मी प्रामाणिकपणे सांगितलं, "दाढी न केलेल्या."