फळ्यांच्या वाटेवरचे मिस्त्री

मिस्त्रींनी आयुष्यातली अठ्ठावीस वर्षं लोकांच्या स्वयंपाकघरात काढली, पण आचारी म्हणून नव्हे. ओट्याखालची कपाटं, भिंतीवरच्या मांडण्या, एकदा उघडला की बंद न होणारा ड्रॉवर, हे त्यांचं राज्य. मग एकदा ते घोड्यावरून पडले. घोडा म्हणजे चार लाकडी पायांचा, ज्यावर चढून छताजवळचं काम करतात तो. पण पडायचं ते पडलेच, आणि उजवा गुडघा कायमचा रुसून बसला.

तेव्हा मेव्हण्यानं शहराबाहेरच्या पाणथळीवर काम मिळवून दिलं. तिथे दलदलीवरून लाकडी फळ्यांची वाट होती, बावीसशे फळ्यांची. लोक तिच्यावरून चालत, फुलं-पक्षी बघत. कुजलेली फळी बदलायची आणि वर आलेला खिळा ठोकायचा, एवढंच मिस्त्रींचं काम.

"लाकूड आणि पाणी म्हणजे सासू-सून," पहिल्याच दिवशी घरी येऊन ते म्हणाले. "एका घरात ठेवली की रोजची कुरबूर. आपली नोकरी पक्की!"

"चिखलात काय ठेवलंय म्हणे बघण्यासारखं?" मिस्त्रीणबाईंनी विचारलं, आणि पुढची सहा वर्षं तिकडे फिरकल्याही नाहीत.

सातव्या वसंतात मात्र त्या गेल्या. घरात रंगकाम निघालं होतं आणि वासानं त्यांचं डोकं उठलं होतं. रविवार होता. वसंतात दर रविवारी फुलांची फेरी असे. शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई लोकांना सगळं समजावून सांगत. मिस्त्री मागून हातोडी घेऊन चालत, कुठे फळी हलली तर असावं म्हणून.

त्या दिवशी बाई आल्या त्या गळ्याला मफलर गुंडाळून. घसा पार बसलेला. तोंड उघडलं की नुसती हवा. फाटकापाशी अठरा माणसं ताटकळत उभी. बाईंनी वही काढली, त्यात काहीतरी लिहिलं आणि मिस्त्रींच्या हातात दिली. लिहिलं होतं, "आज तुम्ही सांगा."

"मी?" मिस्त्रींचा घसाही तिथल्या तिथे बसला. "बाई, मला खिळ्यांतलं कळतं. फुलांतलं काय कळतंय?"

बाईंनी हाताला धरून त्यांना पुढे ढकललं. मागून मिस्त्रीणबाई म्हणाल्या, "जा की! घरी तर मला रोज ऐकवता."

पहिल्या शंभर फळ्या मिस्त्री फक्त "सावकाश", "इथे निसरडं आहे" एवढंच बोलले. मग डाव्या हाताला पिवळ्या फुलांचा गालिचा लागला, पाण्यालगत, उन्हात चकचकणारा. लोक थांबले. आता काही तरी बोलणं भाग होतं.

"याला मी पितळी वॉशर म्हणतो," मिस्त्री म्हणाले. "गोल, चपटं, चकचकीत. हे फुललं की समजायचं, थंडी गेली, फळ्या आता फुगणार. दरवर्षी मी ही फुलं बघूनच स्क्रू सैल करतो."

लोकांत एक टोपीवाले गृहस्थ होते. हातात जाडजूड पुस्तक. त्यांनी पानं उलटली. "याचं शास्त्रीय नाव..."

"असेल की," मिस्त्री आदबीनं म्हणाले. "पण आधी खाली वाकून बघा. पुस्तकात चमक दिसत नाही."

टोपीवाले वाकले. मग बाकीचेही वाकले. इथून मिस्त्रींची गाडी रुळावर आली. शेवाळातल्या लालसर, केसाळ पानांवर चिकट थेंब होते, ते दाखवून ते म्हणाले, "ही सरसवाली. सुताराच्या सरसासारखाच डिंक. माशी बसली की बसलीच, मग ही तिला सावकाश जेवते."

"अगं बाई! फूल माशी खातं?" मिस्त्रीणबाईंनी नीट बघायला एक पाय फळीबाहेर टाकला, आणि तो पोटरीपर्यंत आत गेला. चौघांनी मिळून ओढला. पाय आला, चप्पल राहिली.

मिस्त्री फळीवर पालथे झोपले आणि खांद्यापर्यंत हात चिखलात घालून चाचपडायला लागले.

"बघा हो सगळ्यांनी," एका पायावर उभ्या राहून मिस्त्रीणबाई म्हणाल्या, "तीस वर्षांत पहिल्यांदा माझ्यापुढे लोटांगण घातलंय!"

हसणं इतकं मोठं झालं की दोन बगळे उडाले. चप्पल मिळाली. बाई मफलरात तोंड लपवून, आवाज न करता हसत होत्या.

अकराशे चाळिसाव्या फळीपाशी टोपीवाले थांबले. तिथे फळीला अर्धगोल कापून जागा केली होती, कडा घासून गुळगुळीत केल्या होत्या, आणि त्या जागेतून जांभळ्या फुलांचा एक झुबका वर आला होता. पाकळ्या रंध्याखालून निघणाऱ्या पातळ सालींसारख्या वळलेल्या.

"हे कुणी कापलं?"

मिस्त्रींनी हातोडी या हातातून त्या हातात घेतली. "खालून कोंब आला होता. फळीला डोकं टेकून वाकडा व्हायला लागला होता. माझ्यानं काही छाटवेना."

मिस्त्रीणबाई फुलांकडे बघत राहिल्या, मग नवऱ्याकडे. पदराच्या टोकानं त्यांच्या गालावरचा चिखल तेवढा पुसला. बाईंनी वहीत लिहून दाखवलं, "मला तीन वर्षांपासून माहीत आहे."

बुधवारी पाणथळीच्या साहेबांनी मिस्त्रींना कचेरीत बोलावलं. टेबलावर टोपीवाल्यांचं पत्र होतं. दोन पानं, स्तुतीनं भरलेली, आणि दुसऱ्या पानावर अकराशे चाळिसाव्या फळीचं साग्रसंगीत वर्णन.

"वाटेवर काही उगवलं तर नियम काय आहे?" साहेबांनी विचारलं.

"आड येईल ते छाटायचं."

"मग?"

"फुलाच्या आड फळी येत होती, साहेब. ती छाटली."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. हसू दाबायला त्यांना तेवढा वेळ लागला. "महिन्यातून एक रविवार फेरी तुम्ही घ्यायची," ते म्हणाले. "आणि यापुढे कापण्याआधी सांगायचं."

बाईंचा आवाज दहा दिवसांनी परत आला. मिस्त्रींच्या रविवारी आता त्या मागे चालतात आणि मध्येच खरं नाव सांगतात. मिस्त्री "असेल की" म्हणतात. मिस्त्रीणबाईही येतात, पण बूट घालून. परवा पलीकडच्या काठाला पांढऱ्या कापूस-डोक्यांचं गवत फुललं होतं. वाऱ्यावर सगळी डोकी एकदम हलत होती. कुणी तरी नाव विचारलं. मिस्त्री अडले. त्याला त्यांनी काही नावच ठेवलं नव्हतं.

"त्यात काय एवढं?" मिस्त्रीणबाई पुढे होऊन म्हणाल्या. "या यांच्या आत्याबाई. कुणी काही बोलो, माना डोलवायला तयार!"

बाईंनी लगेच वही काढून ते नाव उतरवून घेतलं.