हरारमधली चतुर्थी

माढ्याहून निघताना आईनं बॅगेत राजगिऱ्याचे लाडू भरले आणि बजावलं, "तिकडं चतुर्थी मोडलीस, तर मी हितं धरीन." ही साधी धमकी नव्हती. माझ्या शिक्षणासाठी तिनं कित्येक वर्षं संकष्टी केली. आमच्या घरातली पहिली पदवी तिच्या मते त्या उपासाचीच. आता तिला साखरेच्या गोळ्या चालू आहेत, उपाशी राहिली की चक्कर येते. म्हणून तिची चतुर्थी मी घेतली आहे.

ज्वारीच्या प्रशिक्षणासाठी मी इथिओपियातल्या हरारला पोहोचले. पहिला धक्का शेतात बसला. डोंगरउतारावर ज्वारीच ज्वारी, माझ्या दुप्पट उंच. "ज्वारी मुळात आफ्रिकेचीच," प्रशिक्षणात माझ्यासोबत असलेली तिथलीच हिरुत म्हणाली. सोलापुरी ज्वारीचा अभिमान जरा खाली ठेवावा लागला.

चतुर्थी बुधवारी आली आणि नेमकं त्याच दिवशी हिरुतनं घरी बोलावलं. लाडवांना तोवर मुंग्या लागल्या होत्या.

"माझा उपवास आहे," मी म्हणाले.

"आमचाही. आई उपवासाचंच करणार आहे."

मी निर्धास्त गेले. तिच्या आईनं, अलमाझबाईंनी, माझ्यापुढे परातीएवढं ताट ठेवलं. त्यात इंजेरा (आंबवलेल्या पिठाचा मऊ, जाळीदार घावन), वर मसुराची आमटी आणि शिरो (हरभऱ्याच्या पिठाचं, आपल्या पिठल्यासारखं कालवण). मी बघतच राहिले. उपासाला डाळ?

"मला हे चंद्र उगवेपर्यंत चालत नाही. दूध, केळं असं काही चालेल."

हिरुतनं ते सांगितलं तशी अलमाझबाईंनी तोंडावर हात ठेवला. हे ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती घर; त्यांच्या दर बुधवारच्या उपवासाला मांस, अंडी, दूध, लोणी सगळं वर्ज्य.

"दूध पिऊन कसला उपवास, असं आई विचारतेय."

"डाळ खाऊन कसला, असं माझी आई विचारेल."

अलमाझबाई डोक्यावर शाल घेऊन बाहेर पडल्या. मला वाटलं, रागावल्या. पण त्या शेजारच्या सोमाली कुटुंबाकडून दूध घेऊन आल्या. ज्या दिवशी त्या घरात दुधाचा थेंब येत नाही, त्या दिवशी त्यांनी ते स्वतः तापवलं. मी पेला तोंडाला लावणार, तोच हिरुत म्हणाली, "उंटिणीचं आहे. चालेल ना?"

मी पेला खाली ठेवून आईला फोन लावला.

"उंटिनीचं? काय खाती ती?"

"झाडपाला."

"मग शेळीवानीच की. पर तुझ्यापायी त्या बाईचा उपास मोडला का?"

"न्हाय. त्या पीत न्हाईत."

"आनि तापवलं कुनी?"

"त्यांनीच."

"मग पी. गार हुईल."

दूध खारट होतं, धुराचा वास होता. घशाखाली जड गेलं, पण पेला रिकामा केला. चंद्र उगवेपर्यंत अलमाझबाईही जेवायच्या थांबल्या. मग त्यांनी इंजेऱ्याचा तुकडा मसुरात बुडवला आणि सरळ माझ्या तोंडात घातला. मी दचकले. ही गुर्शा (मायेनं दुसऱ्याला भरवलेला घास). मला असं भरवून आईलाही कित्येक वर्षं झाली असतील.

माढ्याला परत आले तोही बुधवार होता. आईनं कोरा चहा पुढं केला.

"दूध नासलं का?"

"न्हाय. शेजारी दिलं." तिनं स्वतःच्या कोऱ्या चहावर फुंकर घातली. "त्या बाईच्या घरात आज दूध येतं का?"