ब्लॉगवरची मावशी

दुकानदारांच्या वेबसाइट सर्चमध्ये वर आणायच्या, हे त्याचं काम. भाड्याच्या खोलीत एकट्यानं बसून त्यानं ब्लॉगवर एक खोटी मावशी उभी केली होती. घरगुती उपाय सांगता सांगता ती गिऱ्हाइकाच्या तेलाची लिंक हळूच घुसडायची.

एकदा आईचा फोन आला. "गुडघा सुजलाय रे. ती ब्लॉगवरची मावशी सांगते ते तेल चोळतेय. भली बाई! लिहिलं की लगेच उत्तर देते, तुझ्यासारखी नाही."

त्यानं ब्लॉगवरचे निरोप चाळले. टोपणनावानं रोज लिहिणारी ती बाई आईच होती. खरं सांगावं, तर आईची एकुलती एक मैत्रीण जाणार.

त्यानं तेलाची लिंक काढून टाकली आणि मावशी होऊन आईला लिहिलं, "बाई, तेल सोडा. मुलाला घेऊन डॉक्टरकडे जा."

संध्याकाळी परत फोन. "मावशी म्हणाली म्हणून विचारते हो. येशील का रे?"